बिल कोण भरतो आणि वीज कुठे जाते

प्रश्न : नागपूरच्या एका निवृत्त वाचकांच्या पत्राचा हा सारांश आहे. स्वतःचे दुमजली घर; घरात पत्नी, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. फेब्रुवारीत २१० युनिट असलेला वीजवापर मे महिन्यात ५६२ युनिटांवर गेला. मुलाने वरच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवला असून तो रात्री दहा ते सकाळी सहा १८ अंशांवर चालतो. घरात चार जुने पंखे आहेत. चार्जर बटणावर तसेच राहतात, टीव्ही नुसता रिमोटने बंद होतो, पॅसेजमधला दिवा रात्रभर जळतो, राउटर चोवीस तास सुरू असतो. हे सारे बंद करत फिरणे हा वाचकांचा नित्यक्रम झाला आहे. मागील महिन्यात त्यांनी रात्री राउटर बंद केला, तेव्हा सुनेची परदेशातील ग्राहकाबरोबर बैठक सुरू होती. वाद झाला आणि मुलगा म्हणाला, “बाबा, बिल मी भरतो ना, मग तुम्हाला काय त्रास?” सोलर बसवू आणि हवी तेवढी वीज वापरू, असे त्याचे म्हणणे आहे. “पत्नी तेवढी समजूतदार आहे, ती संध्याकाळी दिवा न लावता भाजी निवडते,” असे वाचक लिहितात. ते स्वतः दुपारी अकरा ते सात दिवाणखान्यात कूलर लावून बसतात आणि लू आत येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात. १९९९ साली घेतलेला फ्रिज “अजून खणखणीत चालतो” म्हणून पाण्याच्या बाटल्यांसाठी आणि आंब्यांसाठी वरच्या मजल्यावर सुरू आहे. या पिढीला विजेची नासाडी कशी समजावून सांगावी, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. घरात वीज वाया जाते आहे, हा एक. आणि घरात आपले ऐकले जात नाही, हा दुसरा. मुलाचे “बिल मी भरतो ना” हे वाक्य आपल्याला लागले, ते या दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवते म्हणून. त्याचे म्हणणे मला पटत नाही, कारण पैसे भरल्याने नासाडीचा हक्क मिळत नाही. परंतु न विचारता बटण बंद करण्याचा हक्क वडीलपणातून मिळतो, असे आपण गृहीत धरले आहे, तेही मला पटत नाही. राउटर हे सूनबाईंच्या नोकरीचे साधन आहे. त्याबद्दल आपण त्यांच्याकडे साध्या शब्दांत दिलगिरी व्यक्त करावी आणि त्या वेळी विजेचा विषयही काढू नये, असे मी सुचवेन.

आता विजेकडे वळू. आपण बंद करत फिरता त्या वस्तूंचा हिशेब आधी मांडू या. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. पॅसेजमधला दिवा नऊ वॅटचा एलईडी असेल, तर तो रोज आठ तास जळून महिन्याला दोन युनिटांच्या थोडे वर जातो. रिकामा चार्जर महिनाभर बटणावर राहिला तरी सहसा पाव युनिटसुद्धा खात नाही. अलीकडचा टीव्ही रिमोटने बंद केल्यावर जवळपास एक वॅट घेतो, म्हणजे महिन्याला एक युनिटही नाही. राउटर रात्री आठ तास बंद ठेवल्याने सुमारे दोन युनिट वाचतात. आपली सारी धडपड, घरातले सारे वाद आणि सुनेची मोडलेली बैठक मिळून महिन्याला पाच-सहा युनिटांचा हा मामला आहे. बिल ५६२ युनिटांचे आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असे काहीसे येथे झाले आहे.

यात आपला दोष आहे असे मला वाटत नाही. आपण ज्या काळात घर चालवायला शिकलात त्या काळी पॅसेजमध्ये साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा दिवा असे. शंभर वॅटचा दिवा रात्रभर राहिला की महिन्याला चोवीस युनिट जात, आणि तेव्हाच्या घराच्या एकूण वापरात ती मोठी रक्कम होती. खोलीतून निघताना दिवा मालवण्याची सवय त्या दिव्यांच्या काळात पुरेपूर सार्थ होती. दिवे बदलले, सवय तीच राहिली आणि तिच्यासोबत आपला संशयही त्याच ठिकाणी राहिला. ही सवय सोडा असे मी म्हणणार नाही, पण तिच्यापायी माणसे दुखावण्याइतकी वीज आता तिच्यात उरलेली नाही.

याच हिशेबात आपल्या पत्नीचाही विचार करावा लागतो. वीस वॅटची एलईडी ट्यूब संध्याकाळी दोन तास लावली, तर महिन्याला सव्वा युनिटाच्या आत काम भागते. सर्वांत महागड्या टप्प्याच्या दराने धरले तरी ही रक्कम पंचवीस रुपयांच्या आत राहते. एवढ्यासाठी त्यांनी मेथीतली काडी आणि अळी अंधारात डोळे ताणून शोधावी, हा समजूतदारपणा आहे असे मला वाटत नाही. आपल्याशी वाद नको म्हणून त्या दिवा लावत नसतील, अशीही शक्यता आहे. त्यांना एकदा विचारून पाहा. स्वयंपाकघरात, जिन्यात आणि न्हाणीघराच्या वाटेवर लावलेला दिवा नासाडीत मोडत नाही, विशेषतः घरात साठीच्या पुढची माणसे असताना.

मग ५६२ युनिट गेले कुठे? आपण दिलेल्या माहितीवरून माझा अंदाज असा आहे. नागपूरच्या मे महिन्यात दीड टनाचा एसी १८ अंशांवर ठेवला, तर तासाला एक युनिट सहज घेईल. म्हणजे आठ तासांचे महिन्याला २४० युनिट. चार जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे आणि दिवसातले पंधरा तास फिरणारे धरले, तर ते मिळून १३५ युनिट होतात. कूलर दोनशे वॅटचा असेल, तर त्याचे ४८. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे तीसेक. दिवे, टीव्ही, संगणक, पाण्याचा पंप आणि इस्त्री यांचे पन्नासेक. बेरीज पाचशेच्या आसपास येते, आणि मग वरचे साठेक युनिट उरतात. ते माझ्या मते आपल्या १९९९ सालच्या फ्रिजचे आहेत.

हे वाचून आपल्याला वाईट वाटेल, कारण चालती वस्तू फेकू नये, ही आपल्याकडची जुनी आणि चांगली शिकवण आहे. तथापि पंचवीस वर्षांच्या फ्रिजचे दाराचे रबर कडक झालेले असते, आतले उष्णतारोधक अस्तर थकलेले असते आणि कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही; असा फ्रिज दिवसाला दीड ते दोन युनिट घेतो, आणि तापलेल्या वरच्या मजल्यावर त्याहूनही अधिक. “खणखणीत चालतो” असे आपण लिहिता. तो किती वेळ सलग चालतो, हे एखाद्या दुपारी त्याच्याजवळ बसून ऐका. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेले आहे. पाण्याच्या बाटल्यांना माठ आहे आणि आंबे आढीत पिकतात. जो फ्रिज घराच्या खऱ्या गरजेचा आहे, तो एक पुरेसा व्हावा. हा जुना फ्रिज विकायचा झाल्यास तो एखाद्या भाड्याच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला स्वस्तात देण्यापेक्षा भंगारात किंवा अदलाबदलीत द्यावा, नाहीतर तीच नासाडी कमी ऐपतीच्या माणसाच्या बिलावर जाऊन बसते.

माझ्या अंदाजावर विश्वास ठेवण्याची आपल्याला गरज नाही, कारण मीटर आपल्या दारातच आहे. मीटरच्या तोंडावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हा आकडा शेजारीच छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. नातवाला बरोबर घ्या. दुपारी सर्वांना सांगून घरातली सगळी बटणे बंद करा, दोन्ही फ्रिजचे प्लग काढा, इन्व्हर्टर असेल तर त्याचाही काढा आणि पाच मिनिटे नुसते त्या दिव्याकडे पाहा. काहीच सुरू नसताना दिवा लुकलुकत राहिला, तर तारांमध्ये कुठेतरी गळती आहे किंवा आपल्या मीटरवरून भलतेच काही चालते आहे. अशा वेळी परवानाधारक वायरमनला बोलवावे, कारण तेथे प्रश्न बिलाच्या आधी जिवाचा असतो. दिवा शांत राहिला, तर एकच पंखा लावा. ३२०० च्या मीटरवर ७५ वॅटचा पंखा दर पंधरा सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकवतो. नंतर दोन हजार वॅटचा गिझर लावून पाहा. सेकंदाला जवळजवळ दोनदा. आठवीतल्या मुलाला वॅट आणि युनिट यांतला फरक यापेक्षा चांगल्या रीतीने कोणी शिकवू शकेल, असे मला वाटत नाही. फ्रिज आणि एसी थांबत-चालत असल्यामुळे त्यांचा हिशेब असा मिनिटांत लागत नाही. फ्रिजसाठी सॉकेटमध्ये लावायचे छोटे मापनयंत्र हजार रुपयांच्या आसपास मिळते; दोन-तीन दिवस तेथे लावून ठेवावे. एसीसाठी रात्री दहाचे आणि सकाळी सहाचे मीटर वाचन वहीत लिहून वजाबाकी करावी आणि त्यातून रात्रभर चाललेल्या पंख्यांचा व फ्रिजचा वाटा वगळावा.

हे वाचन करताना बिलही नीट पाहा. मागील आणि चालू वाचनाच्या तारखांमध्ये किती दिवस आहेत, वाचन प्रत्यक्ष घेतले आहे की सरासरीने बिल आले आहे, आणि मागच्या वर्षीच्या मे महिन्यात किती युनिट होते, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय वाढ कशाची आहे हे ठरवू नये. फेब्रुवारीची तुलना मे महिन्याशी करणे नागपुरात तरी अन्यायाचे आहे. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. पाचशे ओलांडले की सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. वरचा दर फक्त टप्प्याच्या वरच्या युनिटांना लागतो, आणि त्यावर पुन्हा वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च), इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातल्या चढउताराचा) व १६ टक्के वीज शुल्क येते. त्यामुळे आपण वाचवलेले युनिट नेहमी सर्वांत महागड्या टोकाकडून कमी होतात. तो एक जुना फ्रिज बंद केल्याने मे महिन्यातला पाचशेच्या वरचा भाग जवळजवळ संपतो.

आता एसी. ४५ अंशांच्या दिवसानंतर रात्री माणसाने शांत झोपावे, हा वापर आहे आणि मी त्याला नासाडी म्हणणार नाही. नासाडी १८ या आकड्यात आहे. वर स्लॅब तापलेला असताना त्या खोलीत १८ अंश बहुधा कधी येतच नसतील, आणि ते येत नाहीत तोवर कॉम्प्रेसर थांबत किंवा मंदावत नाही. १८ वर लावल्याने यंत्राची मूळ ताकद वाढत नाही, त्याची विश्रांती तेवढी जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने प्रत्येक अंश वर गेल्यावर सुमारे ६ टक्के वीज वाचते. याच कारणाने २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतील, असा नियम आहे. मुलाने २६ वर ठेवून वर पंखा मंद फिरवला, तर खोलीच्या वापरातला चतुर्थांश तरी कमी व्हावा. नागपूरच्या धुळीत जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी लागते. एसी बंद असतानाही स्टॅबिलायझर काही वॅट घेत राहतो, तेव्हा सकाळी मुख्य बटण बंद करणे हे काम आपण अवश्य अंगावर घ्यावे. ते कोणाच्याही आड येत नाही.

येथे आपल्या कूलरकडे मात्र जरा थांबून पाहिले पाहिजे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत सोडतो. त्या ओल्या हवेला बाहेर पडायला वाट हवी. आपण खिडक्या घट्ट बंद ठेवता, त्यामुळे तासाभरात दिवाणखान्यातली हवा दमट होते, अंग चिकचिकते, आणि मग आपण कूलर जोरात करता व वरचा पंखाही लावता. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटे उघडी ठेवून पाहा. कूलर मधल्या वेगावर पुरेसा वाटेल. लू आत येणार नाही, कारण हवा त्या फटीतून बाहेर जात असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिन्याचे दार उघडे असेल, तर दिवसभर साठलेली ही ओल वर मुलाच्या खोलीपर्यंत जाते, आणि रात्री एसीला खोली थंड करण्याआधी ते पाणी हवेतून पिळून काढावे लागते. खालचा काटकसरीचा कूलर वरच्या एसीचे काम वाढवतो. एका घरात दोन्ही असायला हरकत नाही, पण दोघांची हवा एकमेकांत मिसळू देऊ नये. ताट्या दर हंगामात बदलाव्यात, कारण कूपनलिकेच्या जड पाण्याचे क्षार साचून त्या गच्च होतात आणि मोटार उगीच ओढत राहते. मृगाच्या सरी येऊन हवा ओली झाली की कूलर बंद करून पंख्यावर भागवावे. तेव्हा तो पाणी आणि वीज दोन्ही खर्च करून घाम वाढवतो.

एसीचे खरे ओझे छताचे आहे. होळीच्या सुमारास गच्चीला चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून हिरवी जाळी बांधली, तर संध्याकाळी तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत बसत नाही. यंदा उशीर झाला असला, तरी पुढच्या वर्षीसाठी हे लिहून ठेवावे.

पंख्यांविषयी थोडक्यात सांगतो. बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज घेणाऱ्या मोटारीचे नवे पंखे पूर्ण वेगात तीस-पस्तीस वॅट घेतात. रोज पंधरा तास फिरणाऱ्या जुन्या पंख्याच्या जागी असा एक लावला की महिन्याला अठरा-वीस युनिट वाचतात. नागपुरात पंखे वर्षातले आठ-नऊ महिने फिरतात, तेव्हा अडीच-तीन हजारांची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल व्हावी. चारही एकदम बदलू नयेत. जे दोन सर्वाधिक फिरतात ते बदलावेत, पाहुण्यांच्या खोलीतला तसाच राहू द्यावा. हे पंखे जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात, एवढे वायरमनला आठवणीने सांगावे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या वाचकांनाही हाच खर्च सर्वांत सोयीचा आहे, कारण घर बदलताना पंखा काढून नेता येतो. टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स आपल्या यादीत नाही, पण तो यादीत हवा. रिमोटने बंद केल्यावरही पुष्कळ बॉक्स जवळजवळ तितकीच वीज घेत राहतात आणि दहा वॅटच्या बॉक्सचे महिन्याला सात युनिट होतात. हिवाळ्यात हेच लक्ष गिझरकडे वळवावे. पंधरा लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट लागते, ते टळत नाही. पण पहाटेपासून तो तसाच सुरू ठेवून एकेकाने तासातासाने आंघोळ करणे टळण्यासारखे आहे.

हे सर्व घरात मांडायचे कसे, हा आपला मूळ प्रश्न. माझे मत असे की एक महिना कोणालाही काही बोलू नये आणि दुसऱ्याचे एकही बटण बंद करू नये. वही ठेवावी, वाचन नातवाने लिहावे, आणि पहिला बदल आपल्या फ्रिजपासून व्हावा. १८ अंशांचा विषय त्यानंतर काढावा, तोही एखाद्या रविवारी सगळे जेवायला एकत्र असताना, १८ वर ठेवलेल्या एका रात्रीचे आणि २६ वर ठेवलेल्या एका रात्रीचे आकडे समोर ठेवून. मुलगा त्यावर नाही म्हणाला, तर ते तेथेच सोडावे. त्याच्या खोलीचा निर्णय त्याचा आहे, आणि फ्रिज, कूलर, पंखे यांतून आपण वाचवलेले युनिट तरीही वाचलेलेच राहतात.

सोलरबद्दल मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतावर पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. आपल्या घराला छत आहे आणि ऊनही भरपूर आहे, तेव्हा ही कल्पना झिडकारू नये. मात्र विक्रेता क्षमता ठरवतो ती मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून, आणि आज त्या बिलांत जुना फ्रिज, १८ अंशांचा एसी आणि चार जुने पंखे हे सारेच धरलेले आहेत. आधी सहा महिने हे बदल होऊ द्यावेत, हिवाळ्याची आणि पावसाळ्याची वाचनेही वहीत येऊ द्यावीत, आणि मग मुलाबरोबर गच्चीवर जाऊन दोन किलोवॅटमध्ये भागते की तीन लागतात, हे ठरवावे.